ग्रीक पुराणकथांतील पूर्वदेव : टायटन देवकुळाचे स्वरूप व आकलन

प्रस्तावना

विश्वाची उत्पत्ती आणि देवांची वंशावळ या दोन गोष्टी बहुतेक प्राचीन संस्कृतींनी एकत्रच सांगितलेल्या आहेत. ग्रीक संस्कृतीही त्यास अपवाद नाही. ग्रीक पुराणकथा म्हटले की झ्यूस, हेरा, अपोलो, अथीना, पोसायडन या ऑलिंपस पर्वतावरील देवदेवतांची नावे आपल्यासमोर येतात. परंतु ग्रीकांच्या समजुतीनुसार हे देव विश्वाचे पहिले स्वामी नव्हेत. त्यांच्या आधी देवांची आणखी एक पिढी होऊन गेली. तिला 'टायटन' असे म्हणतात.

मराठी वाचकास 'टायटन' हा शब्द १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या नावातून, शनीच्या सर्वांत मोठ्या उपग्रहाच्या नावातून किंवा मनगटी घड्याळाच्या नाममुद्रेतून परिचित असतो. या सर्व ठिकाणी 'प्रचंड, बलाढ्य' एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. वर्गात ग्रीक कथा मराठीतून सांगताना आपण टायटनांना सहजपणे 'राक्षस' किंवा 'दैत्य' म्हणतो. कथा सांगण्यापुरते हे सोयीचे असले तरी त्यामुळे पुढे अडचणी निर्माण होतात. टायटन राक्षस असतील तर मानवाला अग्नी देणारा प्रोमिथिअस हा टायटनपुत्र कसा? न्यायाची अधिष्ठात्री थेमिस आणि काव्यकलेची जननी म्नेमोसिनी या टायटन कशा? कीट्सने १८२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'हायपेरियन' या अपूर्ण काव्यात पराभूत टायटनांचा शोक इतक्या आत्मीयतेने का रंगवावा? 'राक्षस' या शब्दाच्या चौकटीत या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) टायटन देवकुळाचा परिचय मूळ ग्रीक साहित्याच्या आधारे करून देणे. (२) झ्यूसच्या राज्यात पराभूत देवांना कोणते स्थान मिळाले हे स्पष्ट करणे. (३) टायटन या संकल्पनेसाठी योग्य भारतीय पर्यायाचा विचार करणे.

१. मुख्य आधारग्रंथ

टायटनांविषयीच्या माहितीचा सर्वांत महत्त्वाचा आधार म्हणजे हेसिअड या कवीचे 'थिऑगनी' हे काव्य होय. 'थिऑगनी' या शब्दाचा अर्थ 'देवांची उत्पत्ती' असा आहे. हेसिअड इ. स. पू. ७०० च्या सुमारास ग्रीसमधील बिओशिया प्रांतात, हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आस्क्रा या गावी राहत होता. सुमारे एक हजार ओळींच्या या काव्यात त्याने विखुरलेल्या देवकथांना एका वंशावळीत गुंफले. याखेरीज होमरचे 'इलियड', पिंडारची विजयगीते व एस्किलसची नाटके यांतही टायटनांचे महत्त्वाचे उल्लेख आढळतात. या ग्रंथांत सर्वत्र एकवाक्यता नाही. ग्रीकांना एकच प्रमाण धर्मग्रंथ नव्हता, ही बाब येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. टायटनांची वंशावळ

हेसिअडच्या मते सर्वप्रथम 'केऑस' म्हणजे पोकळी अस्तित्वात आली. त्यानंतर गाइआ (पृथ्वी), टार्टरस (पाताळाचा तळ) आणि इरोस (कामशक्ती) प्रकट झाले. गाइआने कोणाच्याही साहाय्याविना उरानोस (आकाश), पर्वत आणि समुद्र यांना जन्म दिला. पुढे पृथ्वी व आकाश यांच्या मीलनातून बारा टायटन जन्मास आले. त्यांत सहा देव आणि सहा देवी आहेत. देवांची नावे ओकेआनोस, कोइओस, क्रिओस, हिपेरिओन, इआपेतोस आणि क्रोनोस अशी असून देवींची नावे थेइआ, ऱ्हेआ, थेमिस, म्नेमोसिनी, फीबी आणि टेथिस अशी आहेत. या सर्वांत क्रोनोस धाकटा होय.

या नावांकडे लक्षपूर्वक पाहिल्यास त्यांतील बहुतेक नावे विश्वाच्या मूलभूत घटकांशी निगडित असल्याचे दिसून येते. ओकेआनोस म्हणजे पृथ्वीला वेढणारा महाप्रवाह. जगातील सर्व नद्या ही त्याची व टेथिसची अपत्ये. हिपेरिओन व थेइआ यांच्यापासून सूर्य, चंद्र आणि उषा यांचा जन्म झाला. थेमिस म्हणजे प्रस्थापित विधी, मर्यादा. तर म्नेमोसिनी म्हणजे स्मृती. कोइओस व फीबी यांची कन्या लेटो ही अपोलो आणि आर्टेमिस यांची माता होय. इआपेतोसचे पुत्र ॲटलास, मेनोइतिओस, प्रोमिथिअस आणि एपिमिथिअस. प्रकाश, जल, मर्यादा व स्मृती यांच्या अधिष्ठात्यांना 'राक्षस' म्हणणे किती विसंगत आहे, हे या वंशावळीवरूनच स्पष्ट होते.

गाइआ व उरानोस यांना आणखी सहा अपत्ये झाली : तीन एकाक्ष सायक्लोप्स आणि प्रत्येकी शंभर हात असलेले कोट्टोस, ब्रिआरेओस व गिगेस हे तीन बंधू. कथेच्या पुढील भागात या सहा जणांचे कार्य निर्णायक ठरते.

३. दोन सत्तांतरे

उरानोसला आपल्या अपत्यांचा तिटकारा होता. त्याने त्यांना पृथ्वीच्या उदरातच कोंडून ठेवले. या वेदनेने कासावीस झालेल्या गाइआने एक कठीण विळा घडवून मुलांना पित्याविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. एकटा क्रोनोस पुढे आला. रात्र घेऊन पृथ्वीकडे आलेल्या उरानोसचे लिंग त्याने विळ्याने छेदले. सांडलेल्या रक्तातून सूडदेवता एरिनीज व 'जायंट' नावाचे योद्धे निर्माण झाले, तर समुद्रात पडलेल्या अवयवाभोवतीच्या फेसातून अफ्रोडाइटी जन्मास आली. या प्रसंगी उरानोसने आपल्या मुलांना 'टायटन' हे नाव दिले, असे हेसिअड सांगतो. तो या नावाचा संबंध 'ताणणे, हात पसरणे' या अर्थाच्या क्रियापदाशी आणि 'प्रतिशोध' या अर्थाच्या नामाशी जोडतो. भाषाशास्त्रदृष्ट्या ही व्युत्पत्ती ग्राह्य नसली तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे. मर्यादेपलीकडे हात टाकणाऱ्यास त्याचे फळ भोगावे लागते, हे सूत्र त्या नावातच कवीने पाहिले.

क्रोनोस राजा झाला. पण तोही पित्याप्रमाणेच वागला. आपला पुत्रच आपल्याला पदच्युत करील, असे भविष्य गाइआ व उरानोस यांनी त्याला सांगितले होते. म्हणून ऱ्हेआपासून झालेली हेस्टिया, डिमिटर, हेरा, हेडीस आणि पोसायडन ही अपत्ये त्याने गिळून टाकली. सहाव्या वेळी ऱ्हेआने बाळ झ्यूसला क्रीट बेटावर लपविले आणि क्रोनोसला बाळाऐवजी कापडात गुंडाळलेला दगड दिला. पुढे क्रोनोसला तो दगड व गिळलेली मुले ओकून टाकावी लागली. झ्यूसने तो दगड डेल्फी येथे स्थापन केला, असे हेसिअड म्हणतो. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पाउसानिअस याने डेल्फी येथे हा दगड पाहिल्याची आणि त्यावर रोज तेल ओतले जात असल्याची नोंद केलेली आहे.

दोन्ही कथांमधील दोष एकच आहे. सत्ताधारी पिता पुढील पिढीला जन्मच घेऊ देत नाही, तिला वाव देत नाही. उरानोस मुलांना मातेच्या उदरात कोंडतो, क्रोनोस स्वतःच्या उदरात. दोघेही केवळ बळाचा आश्रय घेतात व दोघेही कपटाने पराभूत होतात.

४. दहा वर्षांचे युद्ध

यानंतर टायटन आणि झ्यूसचे भावंड यांच्यात युद्ध पेटले. टायटनांचे ठाणे ओथ्रिस पर्वतावर, तर झ्यूसच्या पक्षाचे ऑलिंपसवर होते. स्त्री-पुरुष सर्व देव त्यात लढले. दहा वर्षे होऊनही निर्णय लागेना. तेव्हा गाइआच्या सल्ल्यावरून झ्यूसने बंदिवासातील शतहस्त बंधूंना मुक्त केले, त्यांना देवांचे अन्न व पेय देऊन त्यांचा सन्मान केला आणि मगच त्यांच्याकडे मदत मागितली. सायक्लोप्सनी मुक्ततेच्या बदल्यात त्याला मेघगर्जना, वीज व वज्र दिले होते. या साहाय्याच्या जोरावर टायटनांचा पाडाव होऊन त्यांना टार्टरसमध्ये बंदिस्त करण्यात आले. आकाशातून सोडलेली पितळी ऐरण नऊ दिवस-रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोहोचेल आणि तेवढाच काळ पृथ्वीपासून टार्टरसपर्यंत लागेल, अशा शब्दांत हेसिअडने त्या स्थानाची खोली सांगितली आहे.

युद्धात विजय मिळाला तो नव्या पिढीच्या एकट्याच्या बळावर नव्हे. वज्र सायक्लोप्सचे, बाहुबल शतहस्तांचे, सल्ला गाइआचा. हे सर्व आधीच्या पिढ्यांतील होते.

५. नव्या राज्यातील जुने देव

येथपर्यंतची कथा सर्वसाधारणपणे परिचित असते. मात्र हेसिअडच्या काव्याचे मर्म पुढील भागात आहे. युद्धाच्या आरंभी झ्यूसने सर्व देवांना असे वचन दिले होते की, जो आपल्या बाजूने लढेल त्याचा पूर्वीचा मान कायम राहील आणि क्रोनोसच्या राज्यात ज्याला मान नव्हता त्याला तो मिळेल. येथे हेसिअडने वापरलेला ग्रीक शब्द 'तिमी' असा आहे. त्यात आदर, अधिकारक्षेत्र आणि वाटा या तिन्ही अर्थांचा समावेश होतो. मराठीतील 'मान' हा शब्द, विशेषतः 'मानकरी' या शब्दातील त्याचा अर्थ, त्यास पुष्कळ जवळचा आहे.

या वचनाची पूर्तता कशी झाली हे काही उदाहरणांवरून पाहता येते.

(अ) स्टिक्स : ओकेआनोसची ही ज्येष्ठ कन्या पित्याच्या सल्ल्यानुसार सर्वप्रथम झ्यूसकडे आली. तिच्यासमवेत विजय, बल, सत्ता व ईर्षा ही तिची अपत्ये होती. झ्यूसने तिच्या जलाला देवांच्या शपथेचे स्थान दिले. ही शपथ मोडणारा देव एक वर्ष निश्चेष्ट पडून राहतो आणि त्यानंतर नऊ वर्षे देवसभेतून बहिष्कृत होतो.

(आ) हेकाटी : टायटन कुळातील या देवीला टायटनांच्या काळी पृथ्वी, समुद्र व आकाश यांत जो वाटा होता तो झ्यूसने काढून घेतला नाही, असे हेसिअड स्पष्टपणे सांगतो.

(इ) थेमिस : झ्यूसने हिच्याशी विवाह केला. सुव्यवस्था, न्याय आणि शांती या तीन ऋतुदेवता तसेच मानवाचे भागधेय ठरविणाऱ्या तीन नियतिदेवता ही त्यांची अपत्ये होत.

(ई) म्नेमोसिनी : झ्यूसपासून हिला नऊ कन्या झाल्या. त्याच काव्य, संगीत, इतिहास आदींच्या प्रेरणादेवता म्यूझ होत. ज्या म्यूझना वंदन करून हेसिअड आपल्या काव्याचा आरंभ करतो, त्या मातृकुळाने टायटन आहेत.

(उ) मेटिस : ओकेआनोसची ही कन्या बुद्धीची देवता व झ्यूसची पहिली पत्नी होय. तिचा पुत्र देवांचा राजा होईल असे भविष्य असल्याने झ्यूसने तिला गर्भवती असतानाच गिळले. क्रोनोसने अपत्यांना गिळले होते. झ्यूसने बुद्धीलाच आत्मसात केले. परिणामी सत्तांतराची साखळी तुटली आणि अथीना पित्याच्या मस्तकातून प्रकट झाली.

या उदाहरणांवरून असे म्हणता येईल की झ्यूसच्या राज्याला शपथ, न्याय, ऋतुचक्र, स्मृती व बुद्धी हे जे आधार लाभले ते सर्व पूर्वीच्या देवकुळातून आले. केवळ वज्राने मिळविलेले राज्य उरानोस व क्रोनोस यांच्या राज्याप्रमाणेच लयास गेले असते. अर्थात या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. टार्टरसचे दरवाजे बंदच राहिले, ॲटलासच्या शिरी आकाशाचा भार आला आणि प्रोमिथिअसला साखळदंड मिळाले. मेटिसचे आत्मसात होणे हाही बळाचाच एक प्रकार होय. हेसिअड झ्यूसचा गौरव करतो. पण या गोष्टी लपवीत नाही.

ही दुसरी बाजू पुढील ग्रीक साहित्यात अधिक ठळक झाली. एस्किलसच्या नावावर असलेल्या 'प्रोमिथिअस बाउंड' या नाटकात झ्यूस हा नव्याने सत्तेवर आलेला कठोर शासक म्हणून दिसतो. इ. स. पू. ४५८ मध्ये सादर झालेल्या 'युमेनिडीज' या एस्किलसच्या नाटकात तरुण देवांनी आपले प्राचीन हक्क तुडविले, अशी एरिनीजची तक्रार आहे. तेथे अथीना त्यांना हाकलून देत नाही. समजूत घालून अथेन्समध्ये पूजेचे स्थान देते. याच नाटकाच्या आरंभी डेल्फीची गादी गाइआकडून थेमिसकडे, तिच्याकडून फीबीकडे आणि फीबीकडून अपोलोकडे संघर्षाविना आली, असे सांगितले आहे. पिंडारने तर इ. स. पू. ४६२ च्या एका विजयगीतात झ्यूसने टायटनांना मुक्त केल्याचा उल्लेख केला आहे.

६. क्रोनोसची दोन रूपे

क्रोनोसच्या बाबतीत एक विरोधाभास आढळतो. 'थिऑगनी'मध्ये अपत्यांना गिळणारा हा देव हेसिअडच्याच 'वर्क्स अँड डेज' या काव्यात सुवर्णयुगाचा राजा आहे. त्याच्या काळी माणसे कष्ट व वार्धक्य यांपासून मुक्त होती आणि पृथ्वी आपणहून धान्य देत होती. अथेन्समध्ये उन्हाळ्यात 'क्रोनिया' नावाचा सण साजरा होई. त्या दिवशी मालक व गुलाम एकत्र भोजन करीत. रोमन लोकांनी क्रोनोसचे सॅटर्न या आपल्या देवाशी ऐक्य मानले. त्यांच्या डिसेंबरमधील सॅटर्नेलिया उत्सवातही मालक-गुलाम भेद तात्पुरता बाजूस ठेवला जाई. पराभूत राजाच्या नावाने वर्षातून एक दिवस समतेची आठवण जागविली जात होती, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

७. पूर्वेकडील धागा

एकोणिसाव्या शतकातील अनेक अभ्यासकांनी टायटन हे ग्रीकपूर्व रहिवाशांचे देव असावेत व आक्रमक ग्रीकांच्या देवांनी त्यांना बाजूस सारले असावे, असे अनुमान केले होते. मात्र या अनुमानास पुढील संशोधनाने दुजोरा दिला नाही. थेमिस, म्नेमोसिनी ही नावे शुद्ध ग्रीक आहेत आणि बहुतेक टायटनांच्या स्वतंत्र पूजेचे पुरावे नाहीत.

याउलट या कथेचे मूळ पश्चिम आशियात असल्याचे पुरावे विसाव्या शतकात पुढे आले. आजच्या तुर्कस्तानातील हत्तुशा या हिटाइट राजधानीत सापडलेल्या मृत्तिकापट्टांतील कुमार्बीची कथा हान्स ग्युटरबॉक यांनी १९४६ साली प्रसिद्ध केली. तीत अलालू, अनू (आकाश), कुमार्बी व पर्जन्यदेव तेशुब असा राज्यक्रम आहे. कुमार्बी आकाशदेवाचे लिंग चावून तोडतो आणि त्यामुळे त्याच्या पोटात तेशुब वाढू लागतो. उरानोस, क्रोनोस व झ्यूस यांच्या कथेशी असलेले हे साम्य योगायोगाचे मानता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हिटाइट लोक पाताळात धाडलेल्या देवांना 'पूर्वीचे देव' असे म्हणत आणि राजांच्या तहांत त्यांना साक्षीदार म्हणून आवाहन करीत. 'इलियड'च्या चौदाव्या सर्गात हेराही स्टिक्सच्या जलाची शपथ घेताना टार्टरसमधील टायटनांची नावे उच्चारते. पदच्युत देव सत्तेस मुकले. साक्षीच्या अधिकारास मुकले नाहीत.

८. 'पूर्वदेव' हा पर्याय

हेसिअडने टायटनांसाठी 'प्रोतेरोइ थेओइ' असा शब्दप्रयोग केला आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'आधीचे देव' असा होतो. अमरसिंहाच्या 'अमरकोशा'त असुरांच्या पर्यायी नावांमध्ये 'पूर्वदेव' हे एक नाव दिलेले आहे. म्हणजेच आज आपण ज्यांना केवळ दुष्ट मानतो, ते एकेकाळी देव होते ही जाणीव संस्कृत परंपरेनेही जपली होती. ऋग्वेदात 'असुर' हे विशेषण वरुणासारख्या देवांना आदराने लावलेले आढळते. म्हणून 'राक्षस' किंवा 'दैत्य' याऐवजी 'पूर्वदेव' हा शब्द टायटनांसाठी अधिक अर्थवाही ठरेल, असे सुचवावेसे वाटते.

तथापि टायटन म्हणजेच असुर असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. देव व असुर हे एकाच प्रजापतीची संतती असून परस्परांचे बंधू आहेत. टायटन मात्र आधीच्या पिढीतील आहेत. देवासुरांचा संघर्ष पुनःपुन्हा उद्भवतो. टायटनांचा पराभव एकदाच होतो. बळीराजाच्या कथेत मात्र लक्षणीय साम्य दिसते. समृद्ध राज्याचा स्वामी, पाताळात झालेली रवानगी आणि सणाच्या दिवशी त्याच्या राज्याची होणारी आठवण हे घटक बळी व क्रोनोस दोघांच्याही बाबतीत आढळतात. हे साम्य रचनेचे आहे. ऐतिहासिक संबंध सिद्ध करणारे नव्हे.

अध्यापनात आणखी तीन ठिकाणी सावधगिरी आवश्यक आहे. एक, टायटन व जायंट हे भिन्न आहेत. पर्गमॉन येथील प्रसिद्ध वेदीवरील शिल्पपट देव-जायंट युद्धाचा आहे, टायटनांच्या युद्धाचा नव्हे. दोन, टायटन क्रोनोस आणि 'काळ' या अर्थाचा ग्रीक शब्द 'ख्रोनोस' हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचे ऐक्य प्राचीन काळीच कल्पिले गेले, पण भाषाशास्त्र त्यास मान्यता देत नाही. तीन, झ्यूस व वैदिक 'द्यौस्' यांचे मूळ एक असल्याचे सर्वमान्य आहे. मात्र उरानोस व वरुण यांचे नाते आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत.

निष्कर्ष

१. टायटन हे दुष्ट शक्तींचे प्रतीक नसून विश्वाच्या मूलभूत घटकांचे अधिष्ठाते असलेले आधीच्या पिढीतील देव आहेत.

२. झ्यूसचे राज्य बळाने प्रस्थापित झाले. परंतु ते टिकले पूर्वदेवांचा मान राखल्यामुळे व त्यांच्यातील न्याय, स्मृती आणि बुद्धी यांना सामावून घेतल्यामुळे.

३. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. तिच्यातील अन्यायाची जाणीव ग्रीक नाटककारांनी व कवींनी ठेवली आणि त्यातूनच प्रोमिथिअससारख्या व्यक्तिरेखेला चिरंतन अर्थ प्राप्त झाला.

४. 'राक्षस' हा शब्द वापरल्यास कथा सुष्ट-दुष्टांच्या साध्या लढाईत बदलते आणि तिचा मूळ प्रश्नच नाहीसा होतो. सत्तेवर येणाऱ्या नव्या पिढीने जुन्या पिढीचे काय करावे, हा तो प्रश्न होय. 'पूर्वदेव' या शब्दाने तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जिवंत राहतो. म्हणून भाषा, इतिहास व राज्यशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी या पर्यायाचा विचार करावा असे वाटते.